इतर

मुलगी आली, हातात फॉर्म.
कॉलेजचा प्रकल्प आहे म्हणाली.
काका, लोक थिएटरला का येत नाहीत हल्ली?
खाली चौकोन आखलेले:
तिकीट महाग. मोबाइल. पार्किंग नाही. इतर.
एकावर खूण करायची.

म्हटलं, आधी गाडी सावलीत घे,
सीट तापली की घरापर्यंत मला शिव्या देशील.
आणि हात सवयीनं डब्यात गेला,
तिला बिल्ला दिला, तिनंही घेतला.

नाव लिही: नरसिंग गाजूल, नाना पेठ.
जयमंगल टॉकीजचं सायकल स्टँड, एकतीस वर्षं.
पिक्चर मी एकही पुरता पाहिला नाही.
भिंतीतून यायचा तेवढा माझा.
मारामारी कळायची, गाणं कळायचं,
शेवट कळायचा तो दाराच्या कड्या पडल्या की.

पण माणसं मोजली.
पितळी बिल्ले, जोडीजोडीनं,
एक हँडलला, एक गिऱ्हाइकाच्या खिशात.
शुक्रवारी दोनशेच्या दोनशे संपायचे,
मग सीटवर खडूनं आकडे.
खडकीच्या फॅक्टरीतले यायचे, कॅरियरला डबा तसाच,
मार्केटयार्डचे हमाल यायचे, एका सायकलीवर तिघं,
तालमीतली पोरं पैसे द्यायची नाहीत,
वर हवा भरून मागायची.

महाग म्हणतेस?
ब्लॅकमध्ये तिप्पट मोजून आत गेलेले
सुटल्यावर पंपाच्या दहा पैशांसाठी
माझ्याकडे बघून हसायचे.
मोजायचो मीच.

मोबाइल माझ्याकडेही आहे.
नातू लावून देतो.
मी बघतो, थांबवतो, बीपीची गोळी घेतो, परत लावतो.
तोवर हिरो तोंड उघडं ठेवून उभा,
माझं पाणी पिऊन होईस्तोवर.
मला ते बरं वाटत नाही.
इतका मोठा माणूस.

पार्किंगचं तर बोलूच नकोस.
टॉकीजच्या जागी टाइल्सचं दुकान झालंय,
बोर्ड बघ, पार्किंग मोफत.

एक बाई यायच्या. सत्तेचाळीस नंबर.
दर मंगळवारी बाराचा शो,
हिरवी लेडीज सायकल, हँडलला पिशवी,
पिशवीत मेथीची जुडी, आधीच घेतलेली.
घरी दाखवायला काहीतरी हवं ना.
तीन तास ती जुडी माझ्याजवळ सुकायची,
मी मधून मधून पाणी शिंपडायचो.
त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
बाहेर यायच्या तेव्हा डोळे लाल,
पिक्चर विनोदी असला तरी.
बिल्ला द्यायच्या, पदरानं सीट पुसायच्या,
आणि जायच्या ते अगदी ताठ.

मध्ये पुलगेटच्या स्टॉपवर भेटल्या.
म्हटलं, ताई, पिक्चर सोडले?
म्हणाल्या, घरीच दिसतं हो सगळं.
फक्त डोळे पुसले की सून टीव्ही थांबवते,
विचारते, काय झालं आई?
चांगली आहे पोर.
मग?
मग काय. कांदा चिरायला घेते.

सांग, ह्याला तुझ्या फॉर्मात चौकोन कुठला?

मुलीनं पेन तोंडात धरलं.
तिच्या मोबाइलवर दोनदा काहीतरी वाजलं.
मग तिनं 'इतर'वर खूण केली,
पुढं टिंबांची रेघ होती छोटीशी,
बोटभर.
तिच्यावर काही लिहिलं नाही.
थँक्यू काका म्हणाली, गाडी वळवली,
सिग्नल पिवळा होता तरी गेली.

दिवेलागणीला डबा मोजला. रोज मोजतो,
का मोजतो ते विचारू नका.
एकशे बाराची जोडी फुटलेली.
तिच्याच खिशात राहिला असणार,
चावीला घासत असेल आता कोथरूडला की कुठं.

नातू बोलवायला आला,
आजोबा, खुर्ची आत घेऊ? जेवायचं झालंय.

म्हटलं, तू हो पुढं.
एक गाडी आहे अजून.