पूल वर आहे

वीत्स्केनं तीस वर्षं टपाल वाटलं,
त्यातली बावीस मी तिला अडवलं.
माझं कामच ते:
कालव्यावरचा पूल उचलायचा, होड्या सोडायच्या,
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
नावाड्यापुढे धरायचा, नाणं पडेपर्यंत.
पलीकडे ती, एक पाय जमिनीवर,
पिशवी भिजू नये म्हणून पुढे वाकलेली,
मला शिव्या घालत. आखूड, पण नेमक्या.

आता आम्ही दोघं लेउवार्डनच्या इस्पितळात
शेजारी शेजारी, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलींवर.
तिच्या डोक्याला रुमाल,
माझ्या दंडातली नळी चिकटपट्टीखाली.
योरित नावाचा पोरगेला फिजिओ सांगतो,
"हा थकवा झोपून जात नाही, झोपून मुरतो.
रोगाशी औषध भांडेल.
ही सायकल तुम्हाला तुमच्या घराचा जिना चढवेल."
एवढंच कबूल करतो तो. म्हणून मला आवडतो.

पहिल्या दिवशी ती चार मिनिटांत उतरली.
"कुठवर पोचलीस?"
"बेकरीसुद्धा आली नाही.
सगळं टपाल पिशवीतच."
तेव्हा कळलं, ही नुसती पेडल मारत नाही,
हिची जुनी फेरी चालू आहे.
मेंढ्यांचं कुंपण, पाद्र्याची निळी पेटी,
आणि तो कुत्रा, मरून बारा वर्षं झालेला,
त्याच्या फाटकाशी ती अजून पाय उचलून घेते.

तिसऱ्या आठवड्यात तिनं योरितला झापलं:
"इथं वारा कुठाय?
वाऱ्याशिवाय फ्रिसलँड म्हणजे भिंतीवरचा नकाशा."
त्यानं बटण दोन घरं पुढे सरकवलं.
ती हँडलवर वाकली.
ते वाकणं मी ओळखलं.

एका मंगळवारी मात्र
तिचे ओठ पांढरे पडले, गुडघे लटपटायला लागले,
तरी ही थांबेना.
थांबलं की हरलं, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.
योरित फोनवर.
मी हात आडवा केला, बावीस वर्षांच्या सवयीनं.
"पूल वर आहे," म्हणालो.
"वाळूची होडी आहे. लांबलचक. वेळ लागेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं.
एक पाय जमिनीला टेकला.
आखूड शिवी दिली.
होडी जाईपर्यंत आम्ही पाणी प्यायलो,
खिडकीतून पार्किंग बघत बसलो.
"गेली?"
"शेपूट राहिलंय."
"आता?"
"आता जा."

काल ती खऱ्या सायकलवरून माझ्या दारात आली.
बोटांची टोकं अजून बधिर, ब्रेक उशिरा लागतो,
वाटेत दोनदा उतरून चालले, म्हणाली,
लपवलं नाही.
मी जिन्यात होतो. माझ्या रोजच्या चौदा पायऱ्या,
सातवीवर कठडा धरून उभा, छातीत भाता.
खालून तिची हाक:
"डाउव्हे, पूल वर की खाली?"

"वर," मी म्हटलं.
"थांब जरा. होडी चाललीय."