पिवळ्या नळ्या

अनगोळ नाक्याच्या मागं पत्र्याची शेड आहे,
तिथं मी नळ्या करतो.
मैदा, मीठ, सोडा,
आणि डब्यातली चिमूटभर पिवळी पूड.
चिमूट म्हणजे मालकाच्या अंगठ्याची,
तराजू कोण काढतंय त्याच्यासाठी.
बोटात घालून खायच्या त्या नळ्या हो,
शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयाला पुडा.
सहा वर्षं झाली. माझी नखं
हळदीच्या नवऱ्यासारखी,
फक्त लग्न संपत नाही.

मनस्वी सात वर्षांची.
ती खाते त्या गोष्टी चार:
पांढरा भात, कशालाही न शिवलेला,
लाल पुड्यातली बिस्किटं, पण पुडा तिच्यासमोर फोडलेला,
केळं, डाग नसलेलं,
आणि नळ्या.
आधी दहाही बोटांत घालते,
खिडकीशी उभी राहून हात हलवते
उन्हाकडं, किंवा आम्हाला दिसत नाही अशा कुणाकडं,
मग करंगळीपासून एकेक.

मामा खानापुराहून शेळीचं दूध घेऊन आला.
गोकाकची आत्या म्हणाली, गहू सोडा, सगळं गव्हातच आहे.
कुणीतरी मोबाईलवर धाडलं, दूधच विष.
कुंद्याच्या गावात दूध बंद करा म्हणे!
केलं आम्ही. एकवीस दिवस.
पोरीचं वजन दीड किलोनं उतरलं,
बाकी काही उतरलं नाही.

टिळकवाडीच्या डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या,
"काही मुलं रंगानं बिथरतात, स्वमग्न असोत नसोत.
तुमची बिथरते का, ते माझ्या पुस्तकात नाही.
लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.
आणि ताट तोडू नका हो,
आधीच चार आहेत."

रेणू लिहिते. गॅसच्या जुन्या पुस्तकात, मागच्या पानांवर.
सोमवार. नळ्या दोन पुडे. रात्री तीनपर्यंत जागी, भिंतीला डोकं.
गुरुवार. नळ्या नाहीत. रात्री तीनपर्यंत जागी.
शनिवार. नळ्या एक पुडा. नऊला झोपली. देवा.
हा 'देवा' कुठल्या रकान्यात धरायचा,
ते तिलाही ठाऊक नाही.

सातवीत पाढे सोडलेला मी,
आता एकशे दोन, एकशे दहा, एकशे बावीस पाठ आहेत.
दुकानात पुडे उलटे करून वाचतो,
कन्नड बारीक, इंग्रजी त्याहून बारीक,
आकडे तेवढे सगळ्यांना एकच.
शेडमधल्या डब्यावर लेबलच नाही.
मालकाला विचारलं तर म्हणाला,
"काय करूलालास रे? डॉक्टर होऊलालास काय?"
हसले सगळे. मीपण हसलो.
त्या रात्री हात राखेनं घासले,
तरी उशीवर पिवळं आलंच.

रविवारी घरी केल्या.
रंग पडायच्या आधीचा गोळा रुमालात बांधून आणलेला,
पेन्सिलीवर गुंडाळून, घरच्या तेलात.
पांढऱ्या, वाकड्या.
मनस्वीनं वास घेतला.
खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या, बावीस.
खाल्ली एकही नाही.
शेजारच्या मल्लव्वा दारातून डोकावल्या,
"ऊटा आतेनव्वा?" रोज विचारतात तसंच,
आणि जिनं आजवर आई म्हटलं नाही, बाबा म्हटलं नाही,
ती पोर नळाचा थेंब पडावा तशी म्हणाली,
"साकु."

पुरे.
या गावात पाट्यांवरून डोकी फुटली आहेत.
आमच्या स्वयंपाकघरात त्या दुपारी
कुणी शब्दाची भाषा विचारली नाही.
मल्लव्वांनी पदर तोंडाशी धरला.
रेणूच्या हातातली भाकरी तव्यावर काळी झाली.

मग मनस्वीनं ओळीतली एक उचलली,
माझ्या बोटात घालायला लागली.
बसेना. दाबली. फुटली.
दुसरी घेतली.

त्या तारखेला पुस्तकात आहे:
पांढऱ्या. खाल्ल्या नाहीत. मोडल्या चार.
खाली तीन ओळी
रेणूनं कोऱ्या सोडल्यात.