सत्तावन्न मिळवायचे

बा मिरज जंक्शनला उतरले ते ढाका टोपी घालूनच.
पहिल्याच रिक्षावाल्यानं विचारलं,
कुठल्या सोसायटीत वॉचमन?
बांना कळलं नाही. मला कळलं.
तीन वर्षांत एवढं मराठी आलंय
की त्यांना लागायचं ते आधी मला लागतं.

"पाहुणे आहेत," मी म्हणाले.
हा शब्द मात्र त्यांना कळला,
आमच्या पाल्प्यातही तो जवळजवळ असाच.
विश्रामबाग मागे पडेपर्यंत ते बाहेर बघत राहिले.
माझं कॉलेज दाखवायचं राहून गेलं.

अक्षरं तीच, म्हणून बा सांगली मोठ्यानं वाचत चालतात,
पहिलीतल्या पोरासारखे.
*येथे पिको फॉल करून मिळेल.*
*उधारी बंद.*
*चपला आपल्या जबाबदारीवर काढाव्यात.*
पाटी संपली की माझ्याकडे बघतात,
मी अर्थ सांगते, ते पुढच्या पाटीकडे जातात.

*येथे लघवी करणाऱ्यास शिक्षा होईल.*
बा बराच वेळ उभे.
आमच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण.
"नाही बा, इथं शिक्षा म्हणजे दंड."
"असं," ते म्हणाले,
"मग तू इतक्या लांब काय घ्यायला आलीस?"

मार्केट यार्डात हळदीच्या ढिगापुढं मात्र
त्यांना कुणाचीच गरज पडली नाही.
एक हळकुंड मोडलं, वास घेतला,
हमालाशी आपल्या भाषेत भावावरून हुज्जत घातली,
त्यानं आपल्या भाषेत घातली.
टोपीला पिवळी बोटं लागली, राहू दिली.

आयर्विन पुलावरून कृष्णा दाखवली.
माघातली, अंग चोरून पडलेली.
"एवढीच?"
काली गंडकीच्या काठचा माणूस,
न गरजणाऱ्या पाण्याला नदी म्हणेना.
मी म्हणाले, शांत आहे ही.
त्या दिवसापुरतं ते खरं होतं.

मग गावभागात, आमच्याच बोळाच्या तोंडाशी,
भिंतीवर लाल ऑइलपेंटची रेघ,
बांच्या टोपीच्या हातभर वर.
*महापूर २०१९.*
"अरे! माझं जन्मसाल!"

तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले त्यांनी,
सगळे विक्रम संवताचे.
देवनागरी आकड्यात साल दिसलं
की ते आपलंच असणार.
"मी कोकऱ्यात होतो तेव्हा इथं एवढं पाणी?
बघ तरी, कसं तगलंय गाव."
रंग अजून चकाकत होता.

मी गप्प.
श्रावणात फोनवर म्हणाले होते, पाऊस आहे जरा, रेंज जाते.
गच्चीवर नऊ माणसं, कोळेकरकाकूंची शेळी,
आणि दोन दिवस पुरवलेलं भडंग
हे सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं.

टपरीवर बाबालाल मुल्लांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.
"तुमची सुनमाया लई भारी हो.
बोट आली तर आधी वह्यांची पिशवी दिली पोरीनं,
मग शेळी, मग सोता!
तीन दिवस पाणी, तीन दिवस!"
बा हसत मान हलवत राहिले.
"काय म्हणतात?"
"साखर बरोबर आहे का विचारतात."
"तीन दिन," बा म्हणाले, "पानी,"
आणि कप खाली ठेवला.

रात्री काही बोलले नाहीत.
काकूंच्या भाकरीला दोन्ही हात जोडले.

मिरजेला गाडीत बसल्यावर
ते अंगठा पेरांवर फिरवत होते, हिशेब करताना करतात तसा.
खिडकीच्या गजांआडून विचारलं,
"छोरी, इथलं साल वेगळं ना?"
"हो."
"सत्तावन्न मिळवायचे."
"हो, बा."
"म्हणजे हाच. गेलेला श्रावण."

भडंगाची पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली,
उभे राहिले,
हात टोपीच्या वर धरला, मग अजून थोडा वर,
आणि भुवयांनीच विचारलं, एवढं?
मी मान हलवली.

गाडी सुटली.
हात तसाच वर.
फलाटावरच्यांना वाटलं असेल
निरोप देतायत.