कोरडी बोअर

तीनशे वीस फुटांवर सेल्वमनं मशीन थांबवलं,
तोंडावरचं फडकं सोडलं, म्हणाला, "साहेब, नुसती धूळ."
पांढरी भुकटी जास्वंदीवर, स्कूटरवर,
ठेत्यांच्या गच्चीतल्या पापडांवर.
पाणाड्याच्या तळहातावर नारळ मात्र इथेच उभा राहिला होता.
नोटांच्या छापखान्यात तीस वर्षं
कागद उजेडात धरून खरंखोटं सांगणारा मी
एका नारळाला फसलो.

मग टोपण. टोपणावर दगड.
दगडावर कुणी तरी आणून ठेवलेली कोरफडीची कुंडी.
मखमलाबादला आमचा पत्ता असा सांगत:
कोरडी बोअर, तिच्या शेजारचं हिरवं फाटक.

अकरा वर्षांनी तेजस्विनी गांगुर्डे आली,
कुंडी उचलून बाजूला ठेवली
आणि टोकाला तापमापक बांधलेली वायर सोडत गेली
सावकाश, मापं बोलत.
ओट्यावर एक्केचाळीस.
पाच फुटांवर तेहतीस.
तिसावर अठ्ठावीस.
साठावर सत्तावीस. शंभरावरही सत्तावीस.
"जानेवारीत परत या," मी म्हणालो. माझी खोड.
आली. त्या पहाटे निफाडला पाच अंश,
द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर,
गंगेवर वाफ इतकी की पलीकडचा घाट गायब.
बोअरमध्ये सत्तावीस.
थंडी पडलीय हे खाली
कुणी कळवलंच नव्हतं.

शाळेच्या सहलीत पांडवलेण्यात
भर दुपारी भिंतीला पाठ टेकली होती,
घामेजला शर्ट गार होत गेला मणक्यामणक्यातून.
गुरुजी शिलालेख वाचत होते.
मी ऐकलं नाही, पाठीनं ऐकलं.

काळी नळी खाली गेली,
तळाशी केसांच्या आकड्यासारखी वळली, वर आली.
भोवती माती-वाळूचा गिलावा.
मोरीच्या जागी पंप, कपाटाएवढा,
शहाबादी फरशीखाली नळ्यांची वेटोळी.
जावयानं खर्चाचा आकडा दोनदा वाचला
आणि चहा न पिता उठला.
ठेते कुंपणावरून: "लागलं का शेवटी पाणी?"
"लागलं नाही. आम्हीच घातलं.
तेच खाली जातं, तेच वर येतं."
त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं,
मग इंदुमतीकडे, जरा काळजीनं.

इंदुमतीच्या गुडघ्यांना यातलं काही समजवावं लागलं नाही.
माघात ती अनवाणी देवघरापर्यंत गेली
आणि परत आली, आणि पुन्हा गेली, उगाच.
मांजराला तर नकाशाच पाठ:
नळी जिथून वळते तिथे शेपूट, जिथे सरळ तिथे पोट.
मे महिन्यात तेच मांजर, तीच जागा, चारी पाय पसरून.
श्रावणात फरशीला घाम फुटतो,
तेव्हा सगळं बंद, पंखा, आणि ओले टॉवेल दोरीवर.
हे मी कुणाला सांगत नाही.

जाताना तेजस्विनी म्हणाली होती,
"काका, आपल्याकडे उन्हाळा लांब.
खाली ढकलाल जास्त, परत घ्याल कमी.
दगड लक्षात ठेवतो."
गिलाव्यात तिनं एक तार ठेवलीय,
तिचा आकडा मी रोज रात्री वहीत उतरवतो.
पहिल्या वर्षी सत्तावीस.
दुसऱ्या वर्षी सत्तावीस पूर्णांक दोन.
परवा चार.

साठ-सत्तर लाख वर्षं,
छे, त्याच्या दहापट असेल, कुणी मोजलीत,
एका हट्टानं निवलेला हा काळा पाषाण,
आणि त्याला आमच्या दोन खोल्यांचा ताप.

आज आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं,
पंपाचं बटण बंद केलं, खिडकी उघडली.
मांजरानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.
"काय झालं?" इंदुमतीनं अंधारात विचारलं.
"काही नाही. तासभर.
त्यालाही जरा पाठ टेकू दे."