बाकी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळी सांधायच्या शेडमध्ये
हानुसचं जुनं यंत्र सात महिने घुमतंय.
त्याच्या उबेवर लोकरीचे मोजे वाळतात.

चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा,
भागायचं,
उरेल त्याचा पुन्हा वर्ग,
कोट्यवधी वेळा.
शेवटी बाकी शून्य, तर संख्या मूळ.
दोनाच्या भाषेत ती नुसती एक एक एक एक,
मध्ये दम खायला एक शून्यसुद्धा नाही.
मूळ नसली तरी दिसते तशीच,
म्हणून तर एवढा खटाटोप.

आज पहाटे यंत्र थांबलं.
पडद्यावर बाकी: सोळा खुणांचं शेपूट,
शून्य नव्हे.

म्हणजे फुटते.
कुठे फुटते, ते मात्र
ही रीत सांगत नाही.
निदान दोन अवयव आहेत आत,
एकमेकांना गुणून गप्प बसलेले,
नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

सुन्नवा दारातून डोकावते, हातात माशांची बादली.
"बाकी काय?"
"आहे ना," हानुस म्हणतो, "तीच तर आहे."

मोजे चाचपतो. टाचेला अजून ओल.
पुढचा घातांक भरतो.