विषय क्रमांक सात

नळयोजनेच्या चरीसाठी हापशाजवळचा दगड उलटवला
तेव्हा खालून अक्षरं निघाली. उर्दू.
किती वर्षं पालथा होता कुणास ठाऊक,
पाठीवर गावाची धुणी,
पोटाशी अक्षरं, अजून धारदार.

ग्रामसभेला बावीस माणसं. इतिवृत्त लिहायला मी.
कबीरोद्दीन मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं:
इथून मोठ्या लढाईला पाच गेले,
एक आला नाही. त्याचं नाव
गाफ, नून, बे, अलिफ.
"जेर-जबर दिलेलं नाही.
गणबा म्हणा, गुणबा म्हणा."

गणबाचं घर बौद्धवाड्यात,
गुणबाचं वरच्या आळीत.
दोन्ही घरं एकदम उठून उभी राहिली.

उपसरपंच म्हणाले, अकरा नोव्हेंबर, अकरा वाजता,
लढाई थांबली तो दिवस,
चौथरा, फुलं, ड्रोनवाल्याला मी सांगतो.
अनसूयाताईंचे वडील अठ्ठेचाळीस साली
तीन रात्री कणगीत बसून होते.
त्या म्हणाल्या, "लढाई गोऱ्याची, भरती निजामाची.
आपली तारीख सतरा सप्टेंबर.
तिलाच झेंड्याखाली माणसं जमत नाहीत."
मागून कुणीतरी: "मेलेल्याला तारीख कळती का?"
अंबऋषी मुकादम तंबाखू मळत:
"नोव्हेंबरात गावात ऱ्हातंय कोण?
टोळ्या कारखान्यावर.
त्या पाचांनी तरी काय, उचलच घेतली आसंल."
कुणी हसलं नाही.

मग चतुराबाई, बसल्या जागेवरूनच.
आज्याला बिल्ला मिळाला होता, रुप्याचा,
राजाचं मुंडकं असलेला.
आजीनं सोनाराकडं नेऊन जोडवी केली.
"लढाई सपली म्हून न्हाई,
आधीची झिजली व्हती म्हून."

मी लिहिलं, सखोल चर्चा झाली.
खोडलं.
मतभेद झाले. तेही खोडलं.
नावाच्या जागी टिंबं दिली
आणि विषय पुढच्या सभेत ढकलला.

अंधार पडताना हापशावर गेलो.
दगड उताणाच.
चतुराबाईंची नात घागर कमरेवर घेऊन उभी,
"भाऊसाहेब, ह्याच्यावर घागर टेकवावी का न्हाई आता?"
म्हणालो, ठराव झालेला नाही.
तिनं घागर चिखलात ठेवली,
पदर खोचला,
आणि आम्ही दोघांनी दगड परत पालथा केला.
माझं बोट सापडलं खाली.
नख अजून काळं आहे.