चोरल

रामबागेतल्या हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या
तरी टेम्पोचे हॉर्न आमच्या पंचमात घुसायचे.
म्हणून विपट सरांनी एका रविवारी
आम्हा बारा जणींना महूहून छोट्या गाडीत बसवलं.
"आज कुणी गायचं नाही," म्हणाले.
म्हणाले म्हणजे पाटीवर लिहिलं.
ऑपरेशननंतर त्यांच्या गळ्याचं काम खडूच करायचा.

पातालपाणीपुढे गाडी घाट उतरू लागली.
बोगद्यात कालिंदी रेशीमवालेनं
माझं मनगट घट्ट धरलं,
आणि बाकाच्या फळीवर सरांचं बोट
टक, टक, टक,
उजेड येईपर्यंत बावीस.

काळाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद.
खाली नदी. नाव चोरल.
"काय चोरलं हो हिनं?" सोहनीबाईंनी विचारलं.
सगळ्या हसलो,
दरी जरा उशिरानं हसली.
सरांनी तिकिटामागे काहीतरी टिपलं,
बहुधा तो उशीर.

काठाला ती बारीक वाजत होती,
शाळेत मागच्या बाकावरून पाढे म्हणावेत तशी.
मधल्या दगडांत नुसती घाई.
आणि डोहाशी ऐकूच येईना,
तळपायांना तेवढी कळत होती.
मला खर्जात उभं करतात.
अठरा वर्षं वाटायचं, आवाज जाडा
म्हणून मागच्या रांगेत ढकललंय.
चपला काढून तिथे बसले
आणि थोडा वेळ
कुणाचाच राग आला नाही.

पलीकडच्या उतारावर एक बाई
शेळ्यांना हाक मारत होती. दोनच स्वर,
आणि वरचा आमच्या पेटीच्या
दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी.
सरांनी हात वर केला. आम्ही श्वास धरला.
तिनं पुन्हा हाक मारली, मग शेळ्या आल्या,
मग ती गेली.
नाव विचारायचं राहिलं.
तिची हाक आता कालिंदी गाते,
घरी सासूबाई म्हणतात, बेसूर लागतंय.
नदीचं नाव सांगताना
मी हल्ली थोडी अडखळते.

मार्गशीर्षात कार्यक्रम झाला.
गाण्याच्या मधोमध सरांनी बोगदा ठेवला होता,
बावीस मात्रा, कुणी काही गायचं नाही.
सातव्या-आठव्या मात्रेला लोकांना वाटलं, संपलं.
टाळ्या. कुणाचे तरी मेहुणे
गुच्छ घेऊन पायऱ्या चढले.
आम्ही बारा जणी गप्प,
कालिंदीचा हात माझ्या मनगटावर,
विंगेत सरांचं बोट खुर्चीच्या पाठीवर
चौदा, पंधरा.
मेहुणे गुच्छासकट तिथेच थांबले.
टाळ्या ओशाळून विरल्या. कुणी खोकलं.
वीस. एकवीस.

पुढची ओळ माझी, खालची, एकटीची.
चपला मी विंगेतच काढल्या होत्या.